गुपित कुणाच्या हातात?

प्रेमाची हलकीफुलकी गोष्ट सांगणारा चित्रपट बघायला जाताना प्रेक्षक शेवट घरूनच बरोबर घेऊन निघतो. पोस्टरवर पाठीला पाठ लावून, हाताची घडी घालून उभी असलेली ती दोघं दोन तासांनी एकमेकांच्या मिठीत असणार, हे तिकीट काढण्याआधीच पक्कं असतं. भांडण होईल, गैरसमज होईल, कुणीतरी विमानतळावर धावत सुटेल आणि जमेल. रोमँटिक कॉमेडीवर सगळ्यात जास्त घेतला जाणारा आक्षेप हाच, की यात पुढे काय होणार ते आधीच कळतं. दुसरा आक्षेप असा, की यातले पुरुष आणि बायका ठरावीक साच्यातून काढलेले असतात. हे दोन्ही आक्षेप सहसा एका दमात घेतले जातात, जणू एकाच दुखण्याची ती दोन लक्षणं आहेत. माझ्या मते ती वेगवेगळी ठेवायला हवीत. पहिल्यात दोष नाही. दुसऱ्यात आहे, आणि तो नेमका कुठे दडलेला असतो हे शोधणं हा या प्रकरणाचा विषय.

शेवट ठाऊक असण्याचं मराठी प्रेक्षकाला तरी वावडं असू नये. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत सौभद्र' १८८२ मध्ये रंगभूमीवर आलं. अर्जुनाला सुभद्रा मिळते की नाही, ही उत्सुकता त्या पहिल्या रात्रीही कुणाला नव्हती. महाभारत सगळ्यांना पाठ होतं. बलरामाने सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरवलंय, कृष्णाच्या मनात दुसरंच आहे, अर्जुन यतीचा वेश घेऊन आलाय आणि सुभद्रेला त्याच यतीच्या सेवेला नेमलंय. पुढचं सगळं माहीत असूनही लोक पिढ्यानपिढ्या ते नाटक बघत राहिले, कारण रंगत 'काय होणार' यात नव्हती, 'कसं होणार' यात होती. ती कुठून येत होती ते पाहा. कृष्णाला सगळं माहीत आहे. अर्जुनाला माहीत आहे. प्रेक्षकाला माहीत आहे. ज्या दोघांना माहीत नाही त्यांतला एक बलराम, आणि दुसरी सुभद्रा, जिच्या लग्नाचा हा सगळा खटाटोप चाललाय ती. समोर बसलेला यती म्हणजे आपण जिवापाड ज्याची वाट पाहतोय तो अर्जुनच, हे तिला ठाऊक नसतं, आणि तिच्या त्या न ठाऊक असण्यावर नाटकातले सगळ्यात गोड प्रसंग उभे राहतात.

रोमँटिक कॉमेडी चालते ती या यंत्रावर. प्रेमात पडलेल्या दोघांपैकी एकाला काहीतरी माहीत असतं, दुसऱ्याला नसतं, आणि प्रेक्षक माहीत असलेल्याच्या बाजूला बसलेला असतो. गंमत, हुरहूर, गैरसमज, शेवटचा उलगडा हे सगळं त्या एका तफावतीतून निघतं. म्हणून एखाद्या रॉमकॉममध्ये बाईला काय जागा आहे हे जोखायचं असेल, तर ती नोकरी करते का, तोंडाळ आहे का, तिचे कपडे कसे आहेत, यापेक्षा मी आधी एक गोष्ट बघते: गुपित कुणाच्या हातात आहे?

एकच गोष्ट दोनदा सांगितली गेली की हे फार स्वच्छ दिसतं. हंगेरीचे नाटककार मिक्लोश लास्लो यांच्या 'परफ्युमरी' या नाटकावरून अर्न्स्ट लुबिच यांनी १९४० मध्ये 'द शॉप अराउंड द कॉर्नर' काढला. बुडापेस्टमधलं एक दुकान. तिथे काम करणारे क्रालिक आणि क्लारा यांचं एकमेकांशी क्षणभर पटत नाही. दोघंही एका अनोळखी व्यक्तीला मनातलं सगळं लिहून पाठवत असतात, आणि ती अनोळखी व्यक्ती म्हणजे समोरच्या काउंटरवरचं नकोसं माणूस आहे हे दोघांनाही माहीत नसतं. चित्रपटाच्या मध्यावर क्रालिकला कळतं. ठरलेल्या कॅफेत ती फूल घेऊन वाट बघत बसलेली असते, तो आत जातो, समोर बसतो, आणि सांगत नाही. तिथून पुढे गुपित त्याच्या हातात. नाताळच्या आदल्या संध्याकाळी तो तिला आधी सांगतो की तुझा तो पत्रमित्र मी पाहिलाय, जाडजूड आहे, टक्कल पडलंय. तिला पुरतं हताश करतो आणि मग आपलं नाव उघड करतो.

आजच्या नजरेने हे थोडं क्रूर आहे. पण लुबिचने तोल सांभाळलाय. क्रालिक आणि क्लारा दोघंही पगारावर जगणारी माणसं आहेत. तो तिचा वरिष्ठ खरा, पण मालकाची मर्जी फिरली की त्याचीही नोकरी जाते, आणि चित्रपटात ती जातेच. कॅफेतल्या प्रसंगात ती त्याला असं काही सुनावते की गुपित हातात असूनही तो रिकाम्या हाताने परत येतो. आणि उलगडा झाल्यावर शेवटच्या क्षणी ती त्याला पँट वर करून पाय दाखवायला लावते, कारण तो फेंगड्या पायांचा आहे असा तिला संशय असतो. तो मुकाट्याने पँट वर करतो. आपल्याकडच्या मुलगी बघण्याच्या कार्यक्रमात चालून दाखव, केस दाखव असं ज्यांना सांगितलं गेलं त्या बायकांनी हा प्रसंग पाहिला असता तर त्यांना काय वाटलं असतं, हा विचार माझ्या मनात प्रत्येक वेळी येतो.

हीच गोष्ट १९९८ मध्ये नोरा एफ्रन यांनी बहीण डेलिया यांच्याबरोबर नव्याने लिहिली आणि स्वतः दिग्दर्शित केली: 'यू हॅव गॉट मेल'. पत्रांच्या जागी ईमेल आले, बुडापेस्टच्या जागी न्यूयॉर्क. मेग रायनची कॅथलीन केली आता नोकरदार नाही, आईकडून आलेल्या मुलांच्या पुस्तकांच्या छोट्या दुकानाची मालकीण आहे. वरवर पाहता बाईची बढती झाली. पण टॉम हँक्सचा जो फॉक्स हा पुस्तकांच्या अवाढव्य साखळी-दुकानांचा वारस आहे, आणि त्याचं नवं दुकान तिचं दुकान बंद पाडतं. त्याला मध्यावर कळतं की आपली ईमेलमैत्रीण हीच. तिला कळत नाही. दुकान बुडतं, तरी कळत नाही. ती आजारी असताना तो फुलं घेऊन घरी येतो, हळूहळू तिच्या आयुष्यात शिरतो, तिच्या अनामिक मित्राबद्दल तिलाच प्रश्न विचारतो, आणि शेवटी बागेत उलगडा होतो तेव्हा ती डोळ्यांत पाणी आणून सांगते की तो तूच असावास असं मला फार वाटत होतं. रागाचा एक शब्द नाही. पाय दाखव म्हणणं नाही. १९४० मध्ये गुपित पुरुषाच्या हातात होतं, पण पैसा दोघांकडेही नव्हता. १९९८ मध्ये गुपित त्याच्याकडे आणि पैसाही त्याच्याकडे. अठ्ठावन्न वर्षांनी, लिहिणारी आणि दिग्दर्शन करणारी बाई असताना, पारडं पुरुषाकडे अधिक झुकलं. एफ्रन यांच्या लेखणीवर माझं मनापासून प्रेम आहे, म्हणून हे लिहिताना जास्त त्रास होतो.

काळ पुढे सरकला की बाईचं स्थान आपोआप सुधारतं, असं या चित्रप्रकाराच्या बाबतीत तरी म्हणता येत नाही. त्याचा सगळ्यात मोकळा काळ बराचसा सुरुवातीलाच येऊन गेला, आणि त्याला कारणं होती. १९२७ नंतर चित्रपट बोलू लागले तेव्हा हॉलिवूडला संवाद लिहिणारी माणसं हवी होती; ती न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांतून आणि नाटकांतून आली, वेगवान आणि तिखट बोलणं बरोबर घेऊन. मग सेन्सॉरची संहिता आली. ती १९३० मध्ये लिहिली गेली होती, पण जुलै १९३४ पासून जोसेफ ब्रीन यांच्या देखरेखीखाली कडकपणे राबवली जाऊ लागली. पलंग दाखवायचा नाही, व्यभिचाराचं समर्थन करायचं नाही. आता पडद्यावर दोन माणसांमधलं आकर्षण दाखवायला एकच वाट उरली, बोलणं. आणि बोलण्याच्या सामन्यात रंगत यायची तर समोरचा खेळाडू तोडीचा लागतो. बाईला तोडीस तोड संवाद मिळाले ते कुणाच्या उदारमतामुळे नव्हे. पटकथेची गरजच तशी होती.

याचं सगळ्यात नामी उदाहरण म्हणजे हॉवर्ड हॉक्स यांचा 'हिज गर्ल फ्रायडे', साल १९४०. मूळ नाटक 'द फ्रंट पेज' बेन हेक्ट आणि चार्ल्स मॅकआर्थर यांचं, १९२८चं. त्यात संपादक वॉल्टर बर्न्स आणि त्याचा हरहुन्नरी बातमीदार हिल्डी जॉन्सन, दोघंही पुरुष. हॉक्स यांनी हिल्डीचे संवाद एका बाईकडून वाचून घेतले आणि त्यांच्या लक्षात आलं की हे तर आणखी चांगलं वाटतंय. मग हिल्डी बाई झाली, वॉल्टरची घटस्फोटित बायको झाली. बातमीसाठी धावणं, तुरुंगातल्या कैद्याला बोलतं करणं, टाइपरायटरवर तुटून पडणं हे सगळं पुरुषासाठी लिहिलेलं काम रोझलिंड रसेल करते आणि कुठेही ते उसनं वाटत नाही. कॅरी ग्रँटला आपल्यापेक्षा चांगली वाक्यं मिळालीत असं वाटून रसेल यांनी स्वतःच्या पैशाने एक लेखक नेमला होता, स्वतःच्या वाक्यांना धार लावून घ्यायला! तोडीस तोड असणं तिथे पडद्याच्या मागेही चालू होतं. तरीही शेवटच्या दृश्यात वॉल्टर पुढे चालतोय आणि हिल्डी जड बॅग उचलून मागून धडपडत येतेय. सगळा सामना बरोबरीत सोडवून शेवटच्या अर्ध्या मिनिटात बॅग मात्र तिच्याकडे.

बाईच्या हातात गुपित आलं की काय होतं हे बघायचं असेल तर प्रेस्टन स्टर्जेस यांचा 'द लेडी ईव्ह' बघावा, १९४१चा. बार्बरा स्टॅनविक पत्त्यांत ठकवणारी जीन. हेन्री फोंडा सापांवर संशोधन करणारा, अत्यंत श्रीमंत आणि अत्यंत भोळा चार्ल्स. जहाजाच्या जेवणघरात ती हातातल्या आरशात मागे बघत बसलीय, चार्ल्सवर डोळा ठेवून पुढे येणाऱ्या एकेका बाईचं समालोचन करतेय. पडद्यावर बाईकडे पुरुषाच्या नजरेने बघितलं जातं याची आपल्याला एवढी सवय झालेली असते, की इथे आपण एका बाईच्या आरशातून पुरुषाकडे आणि त्याच्यावर गळ टाकणाऱ्यांकडे बघतोय हे जाणवायलाही क्षणभर लागतो. चार्ल्सला तिचा धंदा कळतो, तो तिला झिडकारतो. मग ती एका इंग्लिश उमराव घराण्यातली ईव्ह बनून त्याच्याच घरी येते, चेहरा तोच, सोंग नवं. तो ओळखत नाही. इतका चेहरा सारखा आहे म्हणजे ती बाई दुसरीच असणार, असं त्याचं तर्कशास्त्र. ती त्याच्याशी लग्न करते आणि मधुचंद्राच्या गाडीत आपल्या जुन्या प्रियकरांची यादी ऐकवून त्याला चिखलात उतरवते. शेवटी तो पुन्हा जीनकडे येतो, आणि चित्रपट संपेपर्यंत ईव्ह आणि जीन एकच हे त्याला कळलेलं नसतं. सौभद्रात जे सुभद्रेच्या वाट्याला आलं ते इथे चार्ल्सच्या वाट्याला. शेवट तितकाच ठरलेला. पण बाईकडे गुपित दिल्याबरोबर पुरुषाची सगळी अढी, शुद्ध चारित्र्याच्या बाईचा त्याचा हट्ट, आपण शहाणे असल्याची खात्री, हे सगळं हास्याचा विषय होऊन समोर येतं. साचे मोडायला वेगळा शेवट लागत नाही, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

पन्नाशीचं दशक येईपर्यंत वारं फिरलं होतं. १९५९चा 'पिलो टॉक' मायकेल गॉर्डन यांचा, डॉरिस डे आणि रॉक हडसन यांचा. जॅन घरांची अंतर्गत सजावट करणारी, स्वतःच्या पैशाने एकटी राहणारी. तिचा आणि ब्रॅड नावाच्या गीतकाराचा फोन एकाच लाइनवर आहे, आणि तो तासन्‌तास वेगवेगळ्या मुलींना एकच गाणं नाव बदलून ऐकवत बसतो. त्याला तिचा चेहरा कळतो, तिला त्याचा नाही. मग तो टेक्सासचा साधाभोळा माणूस बनून तिला नादी लावतो. ब्रॅडला तिने केलेली तक्रार हा कामाच्या फोनचा रास्त प्रश्न असतो. चित्रपट मात्र तिच्या चिडचिडीचं मूळ तिच्या एकटेपणात शोधतो. कमावती, एकटी, समाधानी बाई म्हणजे काहीतरी कमी असलेली बाई, हा साचा इथे पक्का झाला आणि तो पुढे कित्येक दशकं हलला नाही. फसवणूक कळल्यावर ती त्याचं घर भयंकर भडक सजवून सूड घेते, हे खरं. त्यावर तो तिला झोपेतून उचलून, रात्रीच्या कपड्यांतच न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून नेतो. ती मदतीसाठी ओरडते आणि पोलीसही हसून बाजूला होतो.

हे दृश्य विनोदी आहे असं तेव्हाच्या प्रेक्षकाला वाटलं, आणि या ठिकाणी थोडं थांबायला हवं. पुरुषाने मागे लागणं, नकार न ऐकणं, उचलून नेणं, हे प्रेमाचं लक्षण म्हणून दाखवत राहिल्याने काय होतं? मिशिगन विद्यापीठातल्या ज्युलिया लिपमन यांनी यावर केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. काही स्त्रियांना त्यांनी असा चित्रपट दाखवला ज्यात पाठलाग भीतिदायक आहे, काहींना असा ज्यात पाठलाग गोड आहे, काहींना पशुपक्ष्यांवरचा माहितीपट. नंतर त्यांना पाठलागाविषयीच्या समजुतींबद्दल प्रश्न विचारले. भीतिदायक पाठलाग पाहिलेल्या स्त्रिया अशा समजुतींना कमी थारा देत होत्या. गोड पाठलाग ज्यांना खराखुरा वाटला, किंवा ज्या त्या गोष्टीत पूर्ण रंगून गेल्या, त्यांच्यात मात्र पाठलाग फारसा गंभीर नसतो, तो प्रेमापोटीच असतो, अशा समजुतींकडे जास्त कल दिसला. एका अभ्यासावरून सगळ्या समाजाचं निदान करू नये. तरी आपल्याकडे २०१३ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती होऊन पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा ठरला, तोवर हिंदी चित्रपटाचा नायक कॉलेजच्या फाटकापासून घराच्या गच्चीपर्यंत नायिकेच्या मागे गाणी म्हणत हिंडत होता, आणि तिचा नकार हा होकाराचा पहिला अंक मानला जात होता. हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहावं असं मला वाटतं.

मागे लागणारी बाई असेल तर? पी. जे. होगन यांच्या १९९७च्या 'माय बेस्ट फ्रेंड्स वेडिंग'मध्ये ज्युलिया रॉबर्ट्स ते सगळं करते जे नायक करत आले: लग्न मोडायचे डाव टाकते, खोटं बोलते, ऐन वेळी प्रेम व्यक्त करते, गाडीने पाठलाग करते. मग फोनवर तिचा मित्र तिला विचारतो की तू त्याच्या मागे, तो तिच्या मागे, तुझ्या मागे कोण आहे? उत्तर आहे, कुणी नाही. नायकाने केलं की धाडस, नायिकेने केलं की वेड आणि त्याची सजा एकटेपणा. या चित्रपटाने ही गोष्ट लपवली नाही, उलट तीच त्याने आपली गोष्ट केली. त्याचा शेवट खरोखर अनपेक्षित होता. पण तो ज्या नियमामुळे अनपेक्षित वाटला, तो नियम त्याने शाबूत ठेवला.

आता आपल्या जवळ येऊ, पण त्यासाठी आधी थोडं मागे जायला हवं. फ्रँक कॅप्रा यांचा १९३४चा 'इट हॅपन्ड वन नाइट' या चित्रप्रकाराचा पाया मानला जातो. पाच प्रमुख ऑस्कर त्याला मिळाले. बापाच्या नौकेवरून पळालेली श्रीमंत मुलगी, बसमध्ये भेटलेला बेकार बातमीदार, एका खोलीत मधे दोरीवर टाकलेली चादर. या चित्रपटातलं गुपित फार लवकर उघडं पडतं. ती कोण हे तो वर्तमानपत्रातून ओळखतो आणि लगेच तिला सांगून टाकतो: मी तुला नवऱ्याकडे पोचवतो, तू मला बातमी दे. सौदा उघड असल्यामुळे बाकीचं भांडणही बरोबरीचं होतं. अंगठा दाखवून गाड्या थांबवायची कला तो तिला शिकवू पाहतो, एकही गाडी थांबत नाही. ती घोटा दाखवते, पहिलीच थांबते. आता ही बाईची जीत म्हणायची की बाईकडे शेवटी पायच असतात हा जुना साचा? मला दोन्ही वाटतं, आणि दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. पण याच चित्रपटात नायक मुलीच्या बापाला सांगतो की हिला रोज एक ठोसा देणारा माणूस हवा, आणि बाप खूश होतो. मुलीला ते ऐकूही येत नाही. दोन पुरुषांत तिच्याबद्दल ठरलेलं ते गुपितच आहे.

हिंदीत या गोष्टीचा 'चोरी चोरी' झाला १९५६ मध्ये, राज कपूर आणि नर्गिस. पुन्हा १९९१ मध्ये महेश भट्ट यांचा 'दिल है कि मानता नहीं', आमिर खान आणि पूजा भट्ट. इथे येता येता एक पात्र वाढत गेलं, ते म्हणजे बाप. कॅप्राचा बापसुद्धा मुलीला बोहल्यावरून पळ म्हणून सांगतोच, पण अमेरिकन रॉमकॉमने पुढे बापाला फारसं विचारलं नाही. हिंदीने त्याला गोष्टीच्या मधोमध बसवलं. १९९५च्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'मध्ये नायकाचा खरा सामना नायिकेशी नसतोच, तिच्या बापाशी असतो. पंजाबात राज ओळख लपवून लग्नघरात शिरतो. अर्जुनाच्या यतीवेशाशी याचं नातं किती जवळचं आहे! फरक इतकाच, की इथे सिमरनला सगळं माहीत आहे, अंधारात आहे तो तिचा बाप, बलदेव सिंग. गुपित सिमरनच्या हातात आलं, पण तिला त्याचं काही करता येत नाही. तिची आई दागिन्यांचं गाठोडं राजच्या पुढे ठेवते आणि म्हणते, हिला घेऊन जा. राज नाही म्हणतो. पळून जायचं नाही, बापाने हात द्यायला हवा. हा संयम प्रेक्षकाला फार भावला, पण त्या प्रसंगातल्या आईकडे बघावं. तिची संमती मिळालेली आहे, पूर्ण, डोळ्यांत पाणी आणून दिलेली. आणि ती संमती म्हणून मोजलीच जात नाही. मुलीची मोजली जात नाही तशीच. शेवटी स्टेशनवर बाप मुलीचा हात सोडतो तेव्हाच गोष्ट संपते.

मुंबईच्या मराठा मंदिरात हा चित्रपट हजाराहून अधिक आठवडे चालला. तिथे येणाऱ्यांना संवाद पाठ असतात, गाडी कधी सुटणार, हात कधी सुटणार हे क्षणाक्षणाला ठाऊक असतं. सौभद्राच्या प्रेक्षकासारखंच ते पुन्हा येतात. ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा बघण्यातला आनंद खोटा नाही, तो हलका लेखूही नये. पण ज्या गोष्टी आपण पुन्हा पुन्हा बघतो त्या आपल्याला पाठ होतात, आणि त्यांच्याबरोबर कुणाची संमती मोजायची आणि कुणाची नाही, हेही पाठ होतं.

गुपित कुणाकडेच नसलेली रॉमकॉम असू शकते का? रॉब रायनर दिग्दर्शित, नोरा एफ्रन लिखित 'व्हेन हॅरी मेट सॅली', १९८९चा, मला या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्यात वेशांतर नाही, पत्रं नाहीत, पैज नाही. दोघांनाही सगळं सारखंच माहीत आहे, आणि तरी बारा वर्षं जातात. त्याचा गाजलेला उपाहारगृहातला प्रसंगही माहितीचाच आहे. माझ्याबरोबरची बाई सुखी असते हे मला कळतंच, असं हॅरी ठामपणे सांगतो. सॅली भर गर्दीत, टेबलावर हात आपटत, त्याला दाखवून देते की तुला काही कळत नाही. एवढ्या वर्षांत पुरुषाला वाटत होतं की गुपित आपल्याकडे आहे. एका मिनिटात कळलं की ते बायकांकडे होतं, सगळ्याच बायकांकडे. या दोघांचं जमू नये असाच शेवट आधी ठरला होता. पण त्याच काळात रायनर स्वतः प्रेमात पडले आणि शेवट बदलला. म्हणजे इथे अपेक्षित शेवट हाच नंतर सुचलेला होता. आणि तो ओढूनताणून आणलेला वाटत नाही, कारण तिथवर येताना दोघंही सारखीच चुकली, सारखीच वाढली.

मराठीत सतीश राजवाडे यांच्या २०१०च्या 'मुंबई-पुणे-मुंबई'ने दोनच पात्रं आणि पुण्यातला एक दिवस घेऊन हा डाव मांडला. मुक्ता बर्वेची मुलगी मुंबईहून येते ती स्थळाला नकार द्यायला. पाहायला आलेल्या मुलाकडच्यांपुढे पोह्यांची बशी घेऊन बसणारी मुलगी कुठे, आणि एकटीने गाडी पकडून नकार कळवायला येणारी ही कुठे. एवढ्या एका मांडणीत केवढी वाट चालून झालेली आहे. ती बोलते, भांडते, पुण्याला नावं ठेवते, स्वप्नील जोशीचा मुलगा मुंबईला. सामना दिवसभर बरोबरीचा आहे. आणि मग उलगडा: ज्याला नकार द्यायला ती आली तो हाच. तिला ते सगळ्यात शेवटी कळतं. इतका मोकळा, इतका आजचा चित्रपट, आणि गाठ पुन्हा यतीवेशाचीच. दिवसभरातल्या तिच्या मोकळ्या बोलण्याकडे आपण मागे वळून पाहतो तेव्हा ते एका परीक्षेतलं बोलणं होऊन जातं, जी परीक्षा चालू आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

अश्विनी अय्यर-तिवारी यांच्या २०१७च्या 'बरेली की बर्फी'ने ही गाठ सोडवायचा प्रयत्न केला. बिट्टीला एक कादंबरी सापडते, तिची नायिका हुबेहूब तिच्यासारखी. लेखक म्हणून फोटो प्रीतमचा, खरा लेखक चिराग, आणि तिची पत्रं लेखकापर्यंत पोचवायची जबाबदारीही चिरागचीच. लास्लोच्या परफ्युमच्या दुकानातली गोष्ट बरेलीच्या छापखान्यात येऊन पोचलेली दिसते. शेवटी चिराग सगळ्यांसमोर कबुली देतो, आणि कळतं की बिट्टीला हे आधीच समजलेलं होतं. त्याच्या तोंडून ते यावं यासाठी ती थांबली होती. गुपित तिच्या हातात होतं! मला या शेवटाने मनापासून आनंद दिला. पण तिला कळलं तो क्षण आपल्याला मागाहून, ओझरता सांगितला जातो. चिराग चरफडतो ते आपण पाहिलं, त्याचे डाव पाहिले, त्याची धडधड ऐकली. हातातली पत्रं कुणाची हे कळल्यावर बिट्टी किती चिडली, किती हसली, कुणाशी बोलली, थांबायचं तिने कधी ठरवलं, ती आख्खी गोष्ट चित्रपटाच्या बाहेर राहून गेली. ती सांगितली असती तरी शेवट हाच झाला असता, आणि कदाचित जास्त रंगला असता.